काळं म्हणजे पाणी

पावसाळ्यात मला कुणी विचारलं की तू काम काय करतेस, तर मी सांगते, पाणी शोधते. लोकांना वाटतं बोअरवेल मारते. दिवा स्टेशनजवळच्या एका बाईंनी तर त्यांच्या सोसायटीत येऊन बघून जाण्याचं आमंत्रणही दिलेलं.

प्रत्यक्षात मी घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात बसून उपग्रहांनी काढलेले फोटो बघते. हे उपग्रह खाजगी कंपन्यांचे असतात आणि त्यांचे फोटो विकत मिळतात. कुणाला बंदरात किती जहाजं उभी आहेत ते हवं असतं, कुणाला डोंगर किती पोखरला ते, आणि कुणाला कुठल्याशा सीमेजवळ नवा रस्ता झाला का ते. जुलै-ऑगस्टमध्ये विमा कंपन्यांना पूर कुठवर चढला ते हवं असतं. आम्ही जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवतो आणि काय बदललं ते शोधतो. नव्या सुनेच्या स्वयंपाकावर सासू ठेवते तशी नजर ठेवावी लागते. मला हे काम आवडतं, आणि मी त्यात हुशार आहे असं मला वाटायचं.

साध्या कॅमेऱ्याला पावसाळ्यात आपल्याकडे ढगांशिवाय काही दिसत नाही. म्हणून तेव्हा रडारचे फोटो घेतात. उपग्रह वरून लहरी सोडतो, आणि खालून ज्या परत येतात त्यांचं चित्र होतं. खडबडीत जमिनीवरून, झाडांवरून लहरी परत येतात, तिथे चित्र उजळ. सपाट पाण्यावरून त्या घसरून दुसरीकडेच जातात, तिथे चित्र काळं. काळं म्हणजे पाणी. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी मीच शिकवते.

त्या आठवड्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. भातसा नदीचा पट्टा मी मुद्दाम मागून घेतला होता, कारण तिथेच आमचं गाव आहे, खडवलीच्या अलीकडे, नदीच्या पडघ्याकडच्या बाजूला. आई तिथे एकटी राहते. वडील गेल्यावर तिला ठाण्याला आणायचे मी पुष्कळ प्रयत्न केले. ती येते, चार दिवस राहते आणि लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही म्हणून फुगून परत जाते.

पुराचं पाणी आमच्या शेताच्या बांधापर्यंत बहुतेक दर वर्षी येतं. घरं उंचावर आहेत, तिथवर ते कधीच आलेलं नव्हतं. म्हणून गावाचा फोटो उघडताना मी निर्धास्त होते.

मे महिन्यातल्या फोटोत आमच्या आळीतली मोकळी जागा, घरांच्या पुढची आणि मधली, राखाडी होती. त्या दिवशी सकाळच्या फोटोत ती काळी कुळकुळीत होती. मधली घरं मात्र नेहमीपेक्षा जास्त चमकत होती. हे लक्षण वाईट. भोवती पाणी साचलं की लहरी पाण्यावरून भिंतीवर आपटतात आणि तिथून थेट परत येतात, म्हणून घर जास्त उजळ दिसतं. हेही मीच शिकवते. हाताने सवयीप्रमाणे काळ्या भागाभोवती रेघ ओढली आणि आत निळा रंग भरला. आईच्या अंगणात मी माझ्या हाताने पाणी भरलं, आणि मग फोन उचलला.

आईचा फोन लागेना. शेजारच्या काकांचा लागेना. गावातल्या कुणाचाच लागेना, म्हणजे टॉवर बंद पडला असणार. आईचे गुडघे कधीचेच गेलेत. घरात माळा आहे, त्याला शिडी आहे, पण त्या शिडीवर ती कित्येक वर्षांत चढलेली नाही. घरात पाणी शिरलं तर ती कॉटवर चढून बसेल, आणि पाणी कॉटच्या वर गेलं तर पुढे काय, याचा विचार मी करूच शकले नाही.

आमचा टीम लीड डोंबिवलीचा आहे, माझ्याहून वयाने लहान, शांत माणूस. तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाला, "ताई, याची कड बघ ना. पाण्याची कड एवढी सरळ असते का?"

"तिथे कुंपण आहे," मी खेकसले. तिथे कुंपणबिंपण काही नाही. तिथे मी लहानाची मोठी झालेय, मला माहीत होतं. पण त्या वेळी मला कुणाचंही काही ऐकायचं नव्हतं. त्याने सरळ ऑफिसची गाडी मागवली आणि मला तिच्यात बसवलं.

घोडबंदरचा ट्रॅफिक नेहमीसारखाच तुंबला होता. माजिवडा, मग नाशिक हायवे, कंटेनरच्या मागे कंटेनर. ड्रायव्हर बिचारा दोनदा म्हणाला की मॅडम, होईल सगळं नीट, आणि दोन्ही वेळा मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं. मी देवाचं फारसं करत नाही. त्या दिवशी मी गावदेवीला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, कारण त्यातलं अर्धं अजून फेडायचंय. पडघ्याला वळल्यावर दोन्हीकडची शेतं भरलेली दिसली. रस्ता मात्र मोकळा होता. आमच्या वळणावरचा चढही मोकळा होता. मी काच खाली केली आणि मान बाहेर काढली. पाऊस तोंडावर येत होता.

आई दिसली. उभी होती. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, लुगडं वर खोचलेलं, हातात खराटा. अंगणात साचलेलं पावसाचं पाणी ती गटाराकडे लोटत होती, घोट्याएवढंसुद्धा नव्हतं ते.

माझा जीव भांड्यात पडला. इतकं हायसं वाटल्याची आठवण मला दुसरी नाही, बाळंतपणाचीसुद्धा नाही. गाडी थांबायच्या आधीच मी उतरले आणि पाय खटकन कशावर तरी आपटला. खाली बघितलं. सिमेंट. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या घरांच्या पुढे आणि मधे, गुळगुळीत, कडा सुतात सरळ. आईच्या अंगणात मातीचा एक ठिपका राहिला नव्हता.

गुळगुळीत सिमेंटवरूनही लहरी तशाच घसरून जातात, आणि शेजारच्या भिंतीवर आपटून घर तसंच उजळ दाखवतात. विमानतळाच्या धावपट्ट्या रडारमध्ये काळ्याच दिसतात. हेसुद्धा मी शिकवते. दुसऱ्या दिवशी तो निळा रंग मी टीम लीडच्या देखत पुसला.

पण तिथे अंगणात उभी असताना मला हे सगळं एकदम कळलं आणि माझं डोकं फिरलं.

"हे कधी केलंस?" मी विचारलं.

पावसाच्या तोंडावर केलं, म्हणाली. आळीने मिळून केलं. चिखल किती व्हायचा, दोन म्हाताऱ्या घसरून पडल्या.

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू वरडली असतीस."

हे खरं होतं. घरी गेले की मी आळीतल्या सगळ्यांना गोळा करून जमीन मोकळी ठेवा, पाणी मुरू द्या, असं व्याख्यान देते. ते मी तेव्हाही सुरू केलं. उन्हाळ्यात अंगण तापेल, विहीर आटेल, जास्वंद कुठे गेली, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे धंदे करायला. बोलता बोलता आवाज फुटला आणि मी हमसून रडायला लागले. थांबवताच येईना. गाडीतून इथवर गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं, आणि तोंडाने मात्र जास्वंदीचंच चाललं होतं.

आईने खराटा भिंतीला टेकवला. माझ्याकडे नीट बघितलं. तिला आमच्या फोटोचं, काळ्याचं, निळ्याचं काही ठाऊक नव्हतं. आपल्या लेकीला सिमेंटचं इतकं वाईट वाटतंय एवढंच तिला दिसत होतं.

"बाय, रडतेस कशाला एवढी?" ती म्हणाली. "तोडून टाकू का?"

नको, म्हटलं. राहू दे. आणि तिचा हात धरून मी तिथेच, त्या ओल्या सिमेंटवर, फतकल मारून बसले.