हरलेल्या डावाची इन्क्वायरी

खाणीतून कोळशापेक्षा माती जास्त निघते, आणि ती टाकून टाकून वणीच्या बाजूला टेकड्या तयार झाल्या आहेत. आमच्या घरी दर रविवारी सकाळी जे बोललं जातं, त्याचंही तसंच झालंय. पोकर थोडा, गोष्टी फार. मी त्या कोणाला सांगत नाही, कारण चारचौघांत माझा आवाज निघत नाही. पण वही भरत आली, तेव्हा म्हटलं, निदान लिहून टाकू.

बाबा खाणीत डंपर चालवतात. शेख चाचा ब्लास्टिंगच्या टोळीत आहेत. तिसरे रामटेके काका, तेही डंपरवरच होते. मागच्या वर्षी खाणीतल्या रस्त्याची कड ढासळली, डंपर कलंडला आणि काकांचं खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं. चौकशीत त्यांचा दोष निघाला नाही. पण काकांना ते पटत नाही. ब्रेक आधी दाबायला हवा होता, एवढंच म्हणतात. तेव्हापासून ते खाणीच्या स्टोअरमध्ये बसतात आणि फारसं बोलत नाहीत. डंपरवर परत यायचं की कायमचं स्टोअरमध्ये राहायचं, हे त्यांना महिनाअखेरपर्यंत लिहून द्यायचं होतं.

त्यांना बोलतं करायला बाबांनी मोबाईलवर पोकर सुरू केला. फुकटच्या चिप्स, म्हणजे नुसते खेळातले पैसे, आणि तिघांचंच टेबल. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात, मधे पाच पत्ते एकेक करून उघडतात. खात्री असेल त्याने सगळ्या चिप्स लावायच्या, नसेल त्याने पत्ते टाकून द्यायचे. तिघेही आमच्याच घरी, समोरच्या खोलीत बसून ऑनलाइन खेळतात. आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात पत्त्यांचा कॅट असताना हे कायले?

*

खाणीत काही घडलं की इन्क्वायरी होते. काय घडलं, चूक कोणाची, उपाय काय. चाचांचं म्हणणं पडलं की हरलेल्या डावाचीही व्हायला पाहिजे. माझं अक्षर बरं आहे, म्हणून मी क्लार्क.

पहिली इन्क्वायरी चाचांचीच झाली. त्यांच्याकडे चांगले पत्ते आले की बाबा आणि काका नेमके पत्ते टाकून द्यायचे. चाचांना वाटायचं, ॲपच बेइमान आहे. ते दोघं सांगत नव्हते, पण मला दिसत होतं. सुरुंग उडवायच्या आधी शिट्टी मारून माणसं लांब करायची, हे चाचांचं रोजचं काम. सगळ्या चिप्स लावायच्या आधी ते सवयीने तोंडाने बारीक शिट्टी वाजवायचे!

मी ते वहीत लिहिलं आणि वही पुढे सरकवली. चाचांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. उपाय त्यांनीच सांगितला: शिट्टी बंद.

पुढच्या रविवारी शिट्टी वाजली नाही. चिप्स लावायच्या आधी चाचा फक्त खुर्ची चार हात मागे घेऊन बसले.

*

एकदा बाबांच्या हातात नक्की जिंकणारे पत्ते होते आणि नेटवर्क गेलं. बाबा मोबाईल घेऊन अंगणात पळाले, तिथून गच्चीवर. रेंज आली तोवर ॲपने त्यांचे पत्ते टाकून दिले होते.

इन्क्वायरीत चूक कोणाची, यावर पाऊण तास गेला. शेवटी चाचांनी मला लिहायला लावलं: टॉवर ड्युटीवर गैरहजर.

*

बाबांना फोन आला म्हणून एक डाव आईने खेळला. हात कणकेचे होते, म्हणून बटणं मीच दाबत होते. ती म्हणेल तसं. ती दरवेळी "लाव" म्हणायची. चाचांना वाटलं, वहिनींकडे मोठं काहीतरी आहे. त्यांनी जोडी असूनही पत्ते टाकले. आईकडे दुर्री आणि नव्वी होती.

इन्क्वायरीत चाचांनी विचारलं, वहिनी, काय पाहून लावलं?

"तुमचं तोंड पाहून," आई म्हणाली. "तुम्ही घाबरून राह्यले होते."

काका त्या दिवशी हसले. वर्षभरात पहिल्यांदा.

*

पण काकांचा खेळ म्हणजे पत्ते टाकणं. आले की टाकले. चूक कोणाची या रकान्यात ते न विचारताच स्वतःचं नाव सांगायचे.

एका रविवारी मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांच्या हातात दोन एक्के आले. अंगठा बराच वेळ काचेवर थांबला. मग त्यांनी पत्ते टाकले. काय होतं, असं चाचांनी विचारलं, तर म्हणाले, दुर्री-तिर्री.

मी वहीत ती ओळ कोरी सोडली. जाताना काकांनी वही पाहिली आणि हळूच विचारलं, "तू पाह्यलं न, बेटा?"

मी मान डोलावली.

"मले वाटलं, कोणापाशी याच्याहून मोठं असन."

सुरुवातीला दोन एक्क्यांहून मोठं काही नसतं. हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं.

*

महिन्याचा शेवटचा रविवार आला. काकांच्या हातात दोन राजे आले. मधे पहिले तीन पत्ते उघडले: राजा, सत्ती, दुर्री. म्हणजे काकांचे तीन राजे झाले. चाचांनी पत्ते टाकले. बाबा टिकून होते. चौथा पत्ता चौकी निघाला. काकांनी कपाळावरचा घाम पुसला आणि सगळ्या चिप्स लावल्या. बाबांनीही लावल्या.

दोघांचे पत्ते उघडे पडले. बाबांकडे दोन सत्त्या होत्या, मधली धरून तीन. तीन राजांपुढे तीन सत्त्या काहीच नाहीत. बाबा जिंकतील असा एकच पत्ता उरला होता, चौथी सत्ती. न दिसलेले पत्ते मी मोजले, चव्वेचाळीस होते.

सत्तीच आली.

बाबांनी मोबाईल पालथा ठेवला. जिंकलेल्या माणसाचा एवढा पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता. आई दारातच थांबली. चाचांनी आज इन्क्वायरी राहू द्या म्हटलं.

"काहून? व्हाले पायजे," काका म्हणाले. "लिही, बेटा."

मी काय घडलं ते लिहिलं. चूक कोणाची, तिथे सवयीने त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि थांबले.

"हेच पत्ते पुन्हा आले त काय करशीन बे?" चाचांनी विचारलं.

काकांनी वही स्वतःकडे ओढली. "लावीन," ते म्हणाले. "दुसरं काय करीन?"

मग ते मला म्हणाले, "खोड ते. कोणाचीच नाई, असं लिही."

मी लिहिलं. काकांनी माझ्या हातातला पेन घेतला, खिशातून डंपर की स्टोअर ते लिहून द्यायचा कागद काढला, वहीवर ठेवून डंपरच्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली.

चाचा आधी कागदाकडे, मग काकांकडे पाहू लागले. "हारल्यावर सही करून राह्यला का बे तू?"

"जिंकलो असतो त केली नसती," काका म्हणाले, आणि पेन मला परत दिला.