पाटाच्या वरच्या अंगाला

आमच्या भागातल्या चार बागा एकमेकींना जोडल्या, तेव्हा नाशकात माझ्याइतकं खूश कोणी झालं नसेल. पूर्वी इथून पाट वाहायचा, धरणाचं पाणी मळ्यामळ्यांतून फिरवणारा. मळ्यांच्या सोसायट्या झाल्या आणि पाट बुजला. उरलेल्या लांबट पट्ट्यावर रंगीत ब्लॉक बसवून पायवाट केली, कडेला झाडं लावली, आणि चारही बागा त्या वाटेवर आल्या. पहिल्या बागेत शिरायचं आणि एकही रस्ता न ओलांडता चौथीपर्यंत जायचं. फाटकावर पाटी लागली, ‘चला, निसर्गाशी नातं जोडू या.’ पाटी वाचून मला हसू आलं. वाट मात्र मला मनापासून आवडली.

ती हवी होती आमच्या नानांसाठी. माझ्या वडिलांनी जन्मभर याच पाटाच्या पाण्यावर फुलकोबी आणि झेंडू काढला. आता ऐंशी ओलांडली आहे आणि डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली आहे. कधी मला ओळखतात, कधी ‘बाई, तुम्ही कोणाच्या?’ म्हणून विचारतात. पाय मात्र ठणठणीत. घरात बसवलं की कोंडल्यासारखे येरझारा घालतात. एकदा भर रस्त्यात गाडीखाली येता येता वाचले, तेव्हा भाऊ म्हणाला, बाहेरून कुलूप लावत जाऊ. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ‘बाप आहे तो, दावणीचं जनावर नाही. मी आहे तोवर या दाराला कुलूप लागणार नाही.’ भाऊ गप्प बसला. माझ्यापुढे तो गप्पच बसतो.

मग ही वाट झाली. सोसायटीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की पहिली बाग. नाना उजाडताच निघायचे आणि चहाच्या वेळेला परत यायचे. चकाचक बूट घातलेली माणसं कानात गाणी घालून झपाझप चालायची, आणि त्यांच्यामधून पांढरी टोपी घातलेले आमचे नाना हात मागे बांधून रमतगमत जायचे. मध्येच वाकून एखाद्या झाडाच्या आळ्यातला पाला काढायचे. घरी आले की आईला सांगायचे, ‘पाणी बरं चाललंय आज.’ आईही म्हणायची, ‘चालू द्या.’ ते दिवस फार चांगले गेले, खोटं कशाला बोलू.

चैत्रातली गोष्ट. त्या दिवशी आमच्या नळाला पाणी आलं नाही, कुठेतरी जलवाहिनी दुरुस्तीला काढली होती. नाना फिरून आले, चहा प्यायले, हात धुवायला गेले तर नळ कोरडा. त्यांनी नळावर दोन थापा मारल्या आणि पुन्हा बाहेर पडले. मी आतल्या खोलीत मुलांची शिकवणी घेत होते. मुलं घरी गेली तेव्हा कळलं, नाना अजून आलेले नाहीत.

बागा दहाला बंद होतात आणि चारला उघडतात. उन्हाच्या वेळी माणसाला सावली लागते, नेमकी तेव्हाच बागेला कुलपं. हा शहाणपणा कोणाचा, देव जाणे. रखवालदार म्हणाला, ‘ताई, शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढलं. आत चिटपाखरू नाही.’ आम्हाला ते पटलं. भावाने गाडी काढून भद्रकालीचा भाजीबाजार पालथा घातला, मी देवळं आणि रिक्षा स्टँड बघितले, चौकीवर फोटो दिला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दुपारी पाणी प्यायला घरी आले, तर गुडघ्यांमुळे घरातच अडकलेली आई दारात बसून होती.

‘कुठं कुठं बघितलं?’ तिने विचारलं. मी सांगितलं.

‘खाली कशाला शोधता? पाणी आलं नाय म्हटल्यावर माणूस वर जातो. कोणी पाट फोडला ते बघायला.’

‘अगं, बागा बंद आहेत. रखवालदाराने शिट्टी मारून सगळे बाहेर काढले.’

‘शिट्टी मारली? मग ते त्याला कसे दिसतील?’

आमचा मळा पाटाच्या शेवटाला. वरच्यांचं भिजून उरलं तर आमच्याकडे पाणी. पाळी नसताना नाना वर जाऊन पाट फोडायचे, काठ उकरून पाणी आमच्या मळ्याकडे वळवायचे. सगळेच फोडायचे. पाटावर देखरेख करणारा पाटकरी सायकलवरून शिट्टी मारत आला, की नाना पांढरी टोपी काढून घाणेरीच्या झुडपात उकिडवे बसायचे, तो जाईपर्यंत. आई हे नेहमी हसत हसत सांगायची. त्या दुपारी ती हसली नाही.

भावाला फोन करून मी वरच्या अंगाला धावले. तिसऱ्या आणि चौथ्या बागेच्या मधला तुकडा दोन्ही बाजूंच्या बंगल्यांच्या भिंतींमध्ये सापडलेला आहे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना फाटकं. दोन्ही बंद. किल्लीवाला जेवायला गेलेला. भावाने दगडाने कुलूप फोडलं. आत वाटेच्या कडेचे काही ब्लॉक उपसून बाजूला टाकलेले होते आणि खालची रेती हाताने उकरलेली होती. नाना कण्हेरीमागे उकिडवे बसले होते. टोपी मुठीत, नखं रक्ताळलेली, ओठ फाटलेले. भावाने त्यांना उचललं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, ‘गेला का?’

उष्माघात झाला होता. दवाखान्यातून सुखरूप परत आले, पण पुन्हा असं झालं तर वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पाय अजून तसेच ठणठणीत आहेत. भाऊ कामावर जातो, आईला उठवत नाही, बागा दहाला बंद होतात. कुलूप मीच आणलं. भाऊ एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याचाही मला राग आला. मुलं आता नानांना बिचकतात, म्हणून शिकवणी मी मुलांच्या घरी जाऊन घेते. निघताना दाराला बाहेरून कुलूप लावते.

संध्याकाळी येऊन किल्ली फिरवते. आई आतल्या खोलीत पडलेली असते, बाहेरची खोली रिकामी दिसते. नाना सोफ्यामागे उकिडवे बसलेले असतात, टोपी मुठीत धरून. मी वाकून म्हणते, ‘नाना, मी आहे.’ ते माझ्या हातातल्या किल्लीकडे बघतात आणि हात जोडतात.

‘साहेब, पाट आम्ही नाय फोडला.’