दहाव्याला दिलेला शब्द

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घराला दोनच गोष्टींची खात्री होती. रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी आणि सरकारी कामावरची खडी. दादा म्हणजे माझे वडील, आई, आत्या आणि मी, चौघंही सकाळी हातोड्या घेऊन रस्त्याच्या कामावर जायचो; धाकटी बहीण घर सांभाळायची. मी गावातला पहिला बी.ए. श्रीरामपूरच्या कॉलेजातून पदवी घेऊन नुकताच आलेलो. मुकादम मला "या ग्रॅज्युएटसाहेब, मोठे दगड तुम्हाला" म्हणायचा. मला त्याची लाज वाटली नाही. पदवी मी कमावलेली होती आणि खडीही मीच फोडत होतो.

आत्या ही दादांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माघारी आलेली. बऱ्या सालात जोंधळ्याची राखण तिच्याकडं असायची. माळ्यावर उभी राहून ती गोफण अशी फिरवायची, की पाखरू कणसावर टेकायच्या आत माघारी वळायचं. त्या साली राखायला काही उरलंच नव्हतं. गोफण खुंटीला होती.

दादांना ध्यास एकच, चारीचा. धरणाचा कालवा निघाला होता आणि त्याच्या चारीची, म्हणजे शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या फाट्याची, आखणी आमच्या शिवाराकडं येत होती. पण चुना लावलेले खुणेचे दगड शेजारच्या गावात येऊन थांबले. तिथं आमदारसाहेबांच्या सोयऱ्यांचा मळा होता. दादा त्या शेवटच्या दगडापर्यंत चालत जायचे, तिथून आमचा बांध बघायचे आणि परत यायचे. "नजर पोचती," म्हणायचे, "पानी न्हाई पोचत."

मी सरळ म्हणायचो, "दगड सोयऱ्यांनी थांबवलेत."

"तुला देवाच्या परसादातबी खडा दिसतो," दादा हसायचे.

दिसायचा, हे खरं. आमदारसाहेब तर मला पहिल्यापासून खडेच वाटायचे. आधी शाळामास्तर, मग पंचायत समितीचे सभापती, मग आमदार. नुकतेच दुसऱ्यांदा निवडून आले होते. एवढ्या कारकिर्दीत त्यांनी कुणाला पक्का शब्द दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. "बघू", "प्रयत्न चालू आहेत", "माझं लक्ष आहे", यापुढं त्यांची गाडी जात नसे. आणि तरी निवडून यायचे. का, तर दहावे. मतदारसंघात कुणाचाही दहावा असो, त्यांची जीप नदीकाठी हजर. एकदा एसटी स्टँडवर त्यांनीच मला गुपित सांगितलं, "लग्नात कोण आलं ते लोक विसरतात हो. दहाव्याला आलेला माणूस घर जन्मभर विसरत नाही." त्या दिवसापासून त्यांनी रुमालानं डोळे टिपले, तरी रुमाल ओला झाला का ते मी बघायचो.

चैत्रात दादा तापानं गेले.

दहाव्याला साहेब आलेच. नदी कोरडी ठाक. वाळूत खड्डा काढून अंघोळीपुरतं पाणी मिळवलं. भटजींनी विधी केले, पिंड मांडले आणि सगळे मागं सरून कावळ्याची वाट बघू लागलो. समोरच्या बाभळीवर कावळे चिक्कार होते. ते पंख हलवायचे, खाली झेपावायचे आणि मधूनच वळून परत फांदीवर जाऊन बसायचे.

मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, असं आमच्याकडं मानतात. मग नातेवाईक मोठ्यानं एकेक शब्द देऊ लागतात. चुलते म्हणाले, "दादा, पोराला नोकरी लागंल, काळजी करू नगंस." कावळा नाही. मामा म्हणाले, "धाकटीचं लगीन थाटात करू." कावळा नाही. ऊन चढलं. माझं नुकतंच भादरलेलं डोकं तापायला लागलं.

कडेला एका खडकावर आत्या उभी होती. ती एकदम ओरडली, "अरं, चारीचं बोला की कुनीतरी! त्याचा जीव कशात हुता ते ठावं न्हाई व्हय?"

सगळ्या माना साहेबांकडं वळल्या. चारी आणणं काही चुलत्यांच्या हातातलं नव्हतं.

साहेब खाकरले. "चारीच्या बाबतीत शासन दरबारी माझे प्रयत्न..."

एक कावळा झेपावला आणि वळून गेला.

"असं न्हाई सायब," एक म्हातारा म्हणाला, "प्रयत्नाला त्यो यायचा न्हाई. शब्द द्या."

माणसं हसली नाहीत. साहेबांनी एकवार जीपकडं पाहिलं. मग पायातल्या चपला काढल्या, पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "दादा, चारी तुमच्या बांधापर्यंत आणतो. हा माझा शब्द."

आत्या खडकावरून उतरून खाली बसली. कावळा आला. पाठोपाठ सगळेच आले आणि भाताचं शीतही उरलं नाही.

बायका रडायला लागल्या. मी मात्र हिशेब करत होतो. पहिला संशय अर्थातच साहेबांवर. हे नाटक त्यांनीच बसवलं असणार, उद्या पेपरात येईल, असं वाटलं. पण पेपरात काही आलं नाही, आणि जीपकडं जाताना साहेबांचा चेहरा नाटक जमलेल्या माणसाचा नव्हता. मग घरी येताना डोक्यात दुसरंच आलं. दुष्काळातले उपाशी कावळे. ते भाताला शिवत नाहीत?

घरी आल्यावर मी खुंटीकडं पाहिलं. गोफण जागेवर होती. पण आत्यानं लुगड्याच्या ओच्यातून वाळूतले चार-सहा गोटे काढले आणि चुलीमागं टाकले.

"हे कशाला आणलेस?"

"भांडी घासायला."

"गोट्यांनी?"

"तू शिकलेला," ती म्हणाली, "तुला काय कळतंय भांड्यातलं."

पुढचे महिने संशयातच गेले. मोजणीवाले आले, परत गेले. एकदा दगड पुढं सरकले, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागं दिसले. साहेब म्हणायचे, "वरून अडलंय." आत्या दर बाजारच्या दिवशी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. मागायची काही नाही. कुणी विचारलंच, तर एवढंच म्हणायची, "मेलेल्याला शब्द दिलाय. त्याच्या वतीनं आलेय."

तेवढ्यानं साहेब हलले नसते. त्यांना हलवलं दहाव्यांनी. गोष्ट गावोगाव गेली होती. ते कुठंही श्रद्धांजलीला उभे राहिले, की मागून कुणीतरी हळूच विचारायचं, "सायब, त्या चारीचं काय झालं?" एका गावात कावळा लवकर शिवेना, तर लोक म्हणाले, "आमदारांना जरा लांब उभं करा, त्यांच्यावर आधीचंच एक राहिलंय." दोन दहाव्यांना तर साहेब गेलेच नाहीत. ज्या नदीकाठावर त्यांनी मतं जमवली होती, तिथंच त्यांना उभं राहता येईना. सोयरे एकीकडं, नदीकाठ दुसरीकडं. साहेबांनी नदीकाठ धरला.

चारीचं काम दुष्काळी कामातच मंजूर झालं. आईनं, आत्यानं आणि मी त्याच कामावर घमेली वाहिली. रोज संध्याकाळी मी शेवटच्या दगडापर्यंत जाऊन यायचो. दगड कुणी मागं तर नेला नाही ना, हे बघायला.

चारीत पाणी सोडायला साहेब आले. नारळ फोडला, हार झाले. मी पाण्याकडं बघत होतो. ते आमच्या हद्दीच्या अलीकडं थांबेल, असंच मला वाटत होतं. साहेब मला म्हणाले, "काय बी.ए., अजून शंका आहे?"

"पाणी बांधाला लागू द्या," मी म्हणालो.

ते हसले आणि आत्याकडं वळले. "आत्याबाई, आता तरी खरं सांगा. तो कावळा कुठला होता?"

"तुमच्याच मतदारसंघातला की, सायब," आत्या म्हणाली.

दुपारी पाणी आमच्या बांधाला लागलं. दादांनी जिथून पेरायला सुरुवात केली असती, त्या कोपऱ्यातून ते शेतात शिरलं. त्या रब्बीला आमची सगळी जमीन पहिल्यांदा भिजली.