न फवारलेला प्लॉट

त्या दिवशीच्या जेवणात बासुंदी होती; त्यानंतर मी ती कधी खाल्लेली नाही. कीटकनाशकाच्या वासात बसून आम्ही ती खाल्ली होती, आणि वाट्या पुसून संपवल्याही होत्या.

मी तेव्हा जालन्याजवळच्या एका बियाणे कंपनीत पैदासकार होतो. काम एवढंच, की देशी कापसाचा चिवटपणा अमेरिकन कापसात आणायचा. देशी झाड पानांतला रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना सहसा दाद देत नाही, पावसाची ओढही काढतं; पण बोंड लहान, धागा आखूड. अमेरिकनचं नेमकं उलट. दिसायला दोघं भाऊभाऊ, पण जाती वेगळ्या, गुणसूत्रांची संख्याही वेगळी. त्यामुळे संकर केला की बोंड धरायचं आणि थोड्याच दिवसांत गळून पडायचं.

खरं तर हे काम माझ्यापेक्षा एका बाईचं होतं. धावडा गावच्या, पन्नाशीच्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. दुपारनंतर त्या अमेरिकन झाडावरची, उद्या उमलणारी कळी हेरायच्या, नखानं सोलून आतले पुंकेसर काढून टाकायच्या आणि मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायच्या नाहीत. सकाळी त्यावर देशी फूल फिरवून देठाला दोरा बांधायच्या. शेकडो दोरे बांधून झाले, आणि खाली गळालेल्या बोंडांचा सडा. तिसऱ्या हंगामात एका बोंडात तीन सरक्या भरल्या. त्यातली एकच उगवली, आणि ते झाड वांझ निघालं. मग गुणसूत्रं दुप्पट व्हावीत म्हणून त्याच्या कोंबांवर कोल्चिसीन नावाच्या औषधाचे बोळे ठेवले. बरेचसे कोंब करपले, एक तगला. त्या फांदीवर जाड पानं आली, फुलं आली. एका सकाळी मावशींनी त्या फुलातल्या परागानं पिवळं झालेलं बोट माझ्यापुढं धरलं.

"सर, लेकुरवाळं झालं बघा."

त्या फांदीचा अमेरिकनशी पुन्हा संकर करून आमच्याकडे अकरा झाडं झाली. उंचाडी, वेडीवाकडी, बोंडं सुपारीएवढी. पण शेजारच्या ओळींची पानं तुडतुड्यांनी लाल करून टाकली, तेव्हा ही अकरा हिरवीगार उभी होती.

नेमकी त्याच सुमारास गुंतवणूकदारांची भेट ठरली. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी आमची झाडं पाहून तोंड वाकडं केलं. "हे भिकार दाखवायचं? पाहुण्यांना भरलेलं झाड दिसलं पाहिजे." त्यांनी रस्त्याकडेचा, बाजारात नेहमी मिळणाऱ्या वाणाचा प्लॉट निवडला. आदल्या संध्याकाळी त्यावर दणकून फवारणी झाली. मग बांधावर पाटी लागली: 'देशी आणि अमेरिकन कापसाचा संकर. एकही फवारणी नाही.' पाटी मी लिहिली होती. अक्षर माझं चांगलं आहे.

पाहुण्यांपैकी एका वयस्कर गृहस्थांनी पान उलटून पाहिलं. "एकही तुडतुडा नाही! कमाल आहे."

कळी कशी सोलतात हे दाखवायला मावशी नवं पातळ नेसून आल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "कसा राहील? काल सांजच्याला फवारलं की. अन् हे ते झाड न्हाईच. आमचं मागं हाये, चला, दाखवते."

साहेब हसले. "शिकलेल्या नाहीत हो, गोंधळतात." मग माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा, फवारलंय का?"

औषधाचा वास नाकात भरला होता. पाहुण्यांनाही येत असणारच.

"नाही," मी म्हणालो. "मावशींचा दुसऱ्या प्लॉटशी घोटाळा झाला."

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर नाकाला लावला आणि बांधाबांधानं निघून गेल्या. आम्ही मांडवात जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी धावड्याला गेलो. त्या अंगणात तूर निवडत होत्या.

"मावशी, माझं चुकलं."

"चुकतो तो रस्ता, सर. तुम्ही बराबर ठरवून बोलले."

त्यांनी तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला. मग त्यांनीच विचारलं, "मंग झाडाला पाणी सोडलं का?"

सोडलं नव्हतं. त्या चार दिवसांत मी तिकडे फिरकलोही नव्हतो.

परत येऊन पाहतो तर मागच्या प्लॉटवर ट्रॅक्टर फिरला होता. "मागचं भंगार साफ कर म्हणले साहेब," ड्रायव्हर म्हणाला. अकरा झाडं कडेच्या ढिगात पडली होती. मी ढिगात बसून एकेक बोंड फोडलं. आत ओली, कच्ची सरकी, बोटांना चिकटणारी. पेरण्याजोगी एकही नव्हती. हात धुतले तरी घाण वाटत राहिली, आणि ती सरकीची नव्हती.

त्या वयस्कर गृहस्थांना मी सगळं खरं लिहून कळवलं. त्यांचा फोन आला. हसत होते. "अहो, दाखवायचे प्लॉट सगळेच फवारतात. आम्हाला काय वास येत नाही? मनाला लावून घेऊ नका."

त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. कंपनीला गुंतवणूक मिळाली. मी आता भोकरदनकडे एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. मावशी दुसऱ्या कुणाच्या तरी प्लॉटवर कळ्या सोलतात, असं ऐकतो. त्यांच्याकडे पुन्हा जायचं धाडस झालेलं नाही.