आईनं भरलेली वलयं

थर्माकोलच्या शीटवर एकात एक वलयं आखायची, एकाआड एक वलय ॲल्युमिनियमच्या कागदानं झाकायचं, की झाला झोन प्लेट अँटेना. मायक्रोवेव्ह लहरी मोकळ्या वलयांतून जातात आणि पलीकडे एका बिंदूवर गोळा होतात. झाकलेल्या वलयांतल्या लहरी तिथं पोचल्या असत्या, तर त्यांनी बाकीच्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं असतं. म्हणून त्यांना आधीच अडवायचं. हे मी असोद्याला घरी कितीदा सांगितलं, पण ऐकणारी एकटी आईच.

तिचे उपचार थांबले होते. घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले होते. माझी एमएस्सी झालेली बघायची, एवढाच तिचा हट्ट. खाटेवर पडून ती माझं कापणं-चिकटवणं बघायची. गोंद संपला तेव्हा मैद्याची खळ तिनंच सांगून करवून घेतली.

प्रोजेक्टच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कामासाठी जळगावला गेले. संध्याकाळी परतले तर प्लेट अख्खी चंदेरी, एक फट नाही. आमच्याकडे अंगण सारवताना तळहाताएवढी जागा कोरडी राहिली तरी बायका नावं ठेवतात. आईनं तोच कायदा माझ्या अँटेन्याला लावला होता.

"कागद पुरला नाही वाटते तुले," ती धापा टाकत म्हणाली. बोटं खळीनं माखलेली. "मी सारं भरून ठेवलं. आता कोनी नावं नाही ठेवनार."

अँटेन्याची पार वाट लागली होती. मी म्हटलं, "छान झालं, माय." दुसरं काय म्हणणार, कपाळ!

सकाळी कॉलेजात जिन्याखाली बसून मी तिची वलयं घाईघाईनं खरवडली. परीक्षक यायच्या आत तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. प्लेटच्या पलीकडे ठेवलेल्या रिसीव्हरचा काटा झक्कास चढला, मी पास झाले. फोनवर आईनं विचारलं, "मी भरलं म्हून झालं ना?"

"हो, माय."

बघायला येईल त्याला ती हेच सांगत राहिली. आठवड्यानं गेली.

त्या तुकड्यांच्या मागं वाळलेल्या खळीत तिच्या बोटांचे ठसे होते. खरवडताना मला ते स्पष्ट दिसले होते. दहावं झाल्यावर मी वेड्यासारखी कॉलेजात धावले. डबा केव्हाच रिकामा झाला होता. प्लेट तेवढी कपाटावर उभी होती, नुसत्या माझ्या वलयांची.