शुभाच्या भिंतीवरची प्लेट

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुम्ही शुभाला ओळखत नाही म्हणून.

शुभा माझी इथली, इंग्लंडमधल्या रीडिंग गावातली मैत्रीण. तिच्या हॉलमध्ये एक स्पॅनिश प्लेट टांगलेली असायची — पांढऱ्यावर निळा पक्षी, भोवती हिरवी डाळिंबं. तिचा नवरा श्रीकांत ऑफिसच्या कामासाठी ग्रनाडाला गेला होता, तेव्हाची. 'कारागिरासमोर बसून माझ्यासाठी रंगवून घेतली यांनी,' हे ती येईल त्याला ऐकवायची. श्रीकांत वारल्यावर तर जास्तच. आणि मी? मी मान डोलवायचे आणि आतून जळायचे. आमच्या साहेबांनी जन्मात काही आणलं असेल तर ड्यूटी-फ्रीचं चॉकलेट, तेही अर्धं गाडीतच संपवून.

मुद्दा हा की — नाही, थांबा, आधी हे सांगायला हवं की मला भांड्यांतलं कळतं. चॅरिटी शॉपमध्ये इतकी वर्षं लोकांनी दान दिलेली क्रोकरी निवडतेय. म्हणून तर शुभाने एकदा ती प्लेट काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिच्या नणंदेने खुसपट काढलं होतं, असल्या प्लेट्स एअरपोर्टवर ढिगाने मिळतात म्हणून. 'तू सांग गं. तू म्हणशील ते खरं.'

मी बोट फिरवलं. ब्रश टेकला तिथे रंग दाट, उचलला तिथे फिका. एक डाळिंब दुसऱ्यासारखं नव्हतं. मधोमध तीन बारीक टवके — भट्टीत प्लेटवर प्लेट रचताना मध्ये मातीची तिपाई ठेवतात, तिच्या पायांचे. हाताने रंगवलेली, अस्सल. मला लगेच कळलं.

आणि मी म्हणाले, 'छापील आहे गं. हे टवके बघ ना, सेकंड्सचा, डागी माल.'

का? तिच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता — श्रीकांतवरचा — तो मला बघवला नाही. एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

ती हसली. 'म्हणजे यांनी मला चांगलंच बनवलं की,' म्हणाली आणि चहा टाकायला उठली. त्या दिवशी चहात साखर घालायची राहिली.

पुढच्या वेळी गेले तर प्लेट बाहेर मागच्या अंगणात, पॅटिओवर, जिरेनियमच्या कुंडीखाली. मातीची प्लेट, पाणी शोषणारी — थंडीत तडकणार हे मला ठाऊक होतं. तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं ना? नाही उघडलं. फ्रॉस्ट पडलं, दोन तुकडे झाले, तिने ते कचऱ्याच्या बिनमध्ये टाकले. ऐकलं तेव्हा — शी, लिहितानाही लाज वाटते — मला सुटल्यासारखं वाटलं.

शुभा आता 'आमचे हे' म्हणत नाही. परवा तिच्या मुलाने विचारलं, बाबांचा फोटो मोठा करून आणू का? 'कशाला?' म्हणाली. मी शेजारीच बसले होते, भेळ खात.

आज खरं सांगितलं तर? तिला वाटेल, ही माझं मन राखतेय. दाखवायला माझ्याकडे काय आहे? तो माणूस तिच्याशी खरं बोलला होता. तिला ते आता कधीच कळणार नाही, आणि हे माझ्यामुळे.

अजूनही ती मला विचारल्याशिवाय साधा मगसुद्धा विकत घेत नाही.