धोंडबांनी उतरवलेलं लॉगबुक

धोंडबा टेंभुर्णेंच्या अक्षराचं काय सांगावं. कारखान्यात क्रेन चालवणारा माणूस, हाताला ग्रीस, नखांत काजळी, आणि लिहायला बसला की छापल्यासारखी ओळ. त्यांच्या बापाला सही येत नव्हती. भंडाऱ्याकडचं गाव सोडून तो भिलाईला आला तेव्हा कारखान्याच्या जागी नुसते खड्डे होते, आणि त्या खड्ड्यांतलीच माती त्यानं वाहिली. पोराला मात्र मारून-मुटकून शाळेत घातलं. त्या शाळेनं धोंडबांना दुसरं काही दिलं नसेल, अक्षर दिलं. ते त्यांनी जन्मभर मिरवलं आणि शेवटी त्याच अक्षरानं पोरीचा घात केला. ऐकायला कडू आहे, पण गोड करून सांगण्यासारखं यात काही नाही.

त्यांच्या सेक्शनात शिफ्टच्या दोन वह्या असत. एक कच्ची. क्रेन कधी सुरू झाली, कुठं अडली, काय उचललं, ते काम चालू असताना जमेल तसं तीत खरडायचं. शिफ्ट सुटताना तेच सगळं पक्क्या वहीत नीट उतरवायचं. पक्की साहेबाच्या टेबलावर जायची आणि कच्चीची भरलेली पानं जाळून टाकायची. एका शिफ्टच्या दोन वह्या राहिल्या की दोन जबाब होतात, असं त्यांचा जुना फोरमन म्हणायचा. पक्की उतरवायचं काम आपसूक धोंडबांच्या गळ्यात पडलं, आणि त्यांना ते गळ्यात पडल्यासारखं कधी वाटलंच नाही. "टेंभुर्णेले द्या" असं कोणी म्हटलं की गडी खूश. दुसऱ्यांच्याही शिफ्ट उतरवून देत बसायचे आणि घरी बायकोचा, रुक्माबाईंचा, स्वयंपाक थंड व्हायचा.

वही निळ्या शाईची. लाल शाई फक्त साहेबाची, आणि लाल म्हणजे ठपका. धोंडबांच्या नावापुढं ती एकदाच लागली. एका नाईट शिफ्टला क्रेनच्या केबिनमध्ये त्यांचा डोळा लागला आणि लोंबतं ओझं खांबावर जाऊन आदळलं. कोणाला खरचटलंही नाही, पण व्हायचं ते झालं. चूक त्यांचीच होती, तसं ते कधी नाकारतही नव्हते. त्या एका ओळीनं बढती गेली ती गेलीच. पण मरोद्याच्या कामगार क्वार्टरांत त्यांना कोणी एका शब्दानं विचारलं नाही. शेजारचे देवराव त्याच शिफ्टला होते, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी धोंडबांना बाहेर नेऊन चहा पाजला आणि मिरचीच्या भावाबद्दल बोलत बसले. रुक्माबाईंना कळलं होतं, पण त्यांनीही तोंड उघडलं नाही. माणसाला त्याच्या लाल शाईबद्दल विचारायचं नसतं, एवढी माया त्या वस्तीत होती. धोंडबांनी ती जन्मभर उपकारासारखी जपली.

त्यांची मुलगी दीक्षा. अभ्यासात हुशार, तोंडानं फटकळ. ती वायुदलात हेलिकॉप्टरची पायलट झाली तेव्हा मरोद्यात तिचा फोटो पोळीभाजीच्या गाडीवरही लागला. क्रेनवाल्याची पोर आकाशात गेली म्हणून लोक धोंडबांच्या गळ्यात हार घालायचे आणि धोंडबा हार काढायलाच विसरायचे. ती सुट्टीवर आली की तिचं लॉगबुक पेटीत असायचं, जाडजूड, कापडी पुठ्ठ्याचं. आत काय असतं ते ती तोंडीच सांगायची. रोजचं उड्डाण त्यात लिहायचं, कोणतं मशीन, कॅप्टन कोण, किती वेळ, आणि महिना संपला की वर कमांडरची सही. "म्हणजे आमच्यासारखंच हाय," धोंडबा म्हणायचे. ती हसून म्हणायची, "हो बाबा, बस क्रेन थोडी उंच हाय." आसामातल्या पुरात ती माणसं काढत होती तेव्हा ते बुकही भिजलं. पानं फुगली, शाई पसरली. पण तिनं दुसरं घेतलं नाही.

चौदा वर्षांनी ती परत आली. वायुदलाचं कमिशनच, म्हणजे अधिकाऱ्याची नेमणूक, तेवढ्या वर्षांचं होतं. पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेलं. कामाचा शेरा उत्तम, तब्येत ठणठणीत, वय ऐन उमेदीचं, आणि सरकारनं सांगितलं, झालं तुमचं, या आता. ही गोष्ट स्मृति नगरात कोणाला समजावून सांगणार? निवृत्तीनंतर टेंभुर्णे मंडळी तिथं दीक्षाच्या पैशांनी बांधलेल्या घरात राहायला गेली होती, आणि गल्लीत सगळे साठीपर्यंत नोकरी करून आलेले. त्यांच्या हिशेबात साठीच्या आत घरी येतो तो एक तर आजारी, नाही तर हाकललेला. "कावून आली पोरगी?" म्हणजे का परत आली, असं बायका रुक्माबाईंना विचारायच्या. एका रविवारी विहारातून परतताना देवरावही हळूच बोलून गेले, "कायतरी झालं असंन गा. चालतंच."

देवरावांनी ते प्रेमानं म्हटलं, आणि धोंडबांच्या मनात ते रुतून बसलं. दीक्षानं तर साफ सांगितलं होतं, "बाबा, सर्व्हिस संपली. बस." पण असं कुठं असतं? एवढं शिकवून, एवढं उडवून, धडधाकट माणसाला कोण घरी पाठवतं? धोंडबांच्या डोक्यात ते काही केल्या बसेना. त्यांनी तिला विचारलं मात्र नाही. ज्या मायेनं त्यांना वाचवलं होतं, तीच माया ते पोरीला देत होते. त्यांच्या लेखी ते मौन म्हणजे आशीर्वादच होता.

मग दीक्षा खासगी कंपनीत उडवायला लागणाऱ्या नागरी लायसनच्या परीक्षेसाठी पुण्याला गेली. पावसाळा संपत आला होता. तिनं फोन करून आईला सांगितलं, माझी पेटी उघडून बघा, वाळवी लागली असेल. रुक्माबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून पेटी धोंडबांनी उघडली. वाळवी नव्हती. वरच लॉगबुक होतं. त्यांनी ते उन्हात धरून उघडलं.

लाल शाई. एक ओळ नाही, दोन नाही. दर महिन्यात, कुठं चार ओळी, कुठं अर्धं पान, आणि पुढं पुढं तर निळ्यापेक्षा लालच जास्त. बाजूला इंग्रजी आद्याक्षरं, ती त्यांना लागेनात. पण लाल रंग वाचायला इंग्रजी कशाला लागतं? त्यांच्या एका लाल ओळीनं बढती खाल्ली होती. इथं तर वह्याच्या वह्या भरतील एवढी लाल होती. पोरीला का काढलं ते त्यांना त्या क्षणी कळलं, असं त्यांना वाटलं. बुक मिटून ते अंगणात बसून राहिले. रुक्माबाईंनी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, पानं खराब झाली हायेत. उतरवून देतो."

आणि म्हातारा कामाला लागला. भिलाईच्याच पावर हाउस भागातल्या बाजारात भैयालाल नावाचा एक जुना बाइंडर बसतो. त्याच्याकडून त्याच मापाची, तेवढ्याच रकान्यांची वही बांधून घेतली, वर निळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरांत पोरीचं नाव. रोज सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून धोंडबा बसायचे. अक्षर न् अक्षर, आकडा न् आकडा डोळ्यांत तेल घालून उतरवला. चिखलाचे डाग नाहीत, खाडाखोड नाही, आणि लाल नाही. लालातलं सगळं निळ्यानं लिहिलं. सह्यांच्या जागी, नक्कल करताना कारखान्यात लिहायचे तसं, 'सही/-' असं लिहिलं. वही पुरी झाल्यावर पहिल्यापासून ताडून पाहिली. मग कच्चीचं जे करायचं असतं ते केलं. मागच्या अंगणात वाळक्या पानांबरोबर ते बुक जाळलं. पुठ्ठा लवकर पेटेना, तर काठीनं उलटसुलट केला. त्या दिवशी ते पोटभर जेवले, असं रुक्माबाई अजून सांगतात.

हिवाळ्यात दीक्षाचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. एका कंपनीनं तिला बोलावलं होतं. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टर, त्यात रात्री उडवणारे पायलट पाहिजेत, आणि तसे फार थोडे मिळतात. एकूण तासांचा दाखला तिच्याकडं होता. पण रात्रीचं उड्डाण किती आणि त्यात स्वतः कॅप्टन म्हणून किती, ते कंपनीला मूळ लॉगबुकात, कमांडरच्या सह्यांनिशी पाहायचं होतं. ती बुक न्यायला दुर्गला उतरली आणि ऑटो करून घरी आली.

धोंडबांनी पक्की वही तिच्या हातात ठेवली. ती नवीन साडीत बांधून ठेवली होती. तिनं उघडली, चार पानं उलटली आणि तिचे डोळे भरून आले. "बाबा, कितनी मेहनत की है आपने," ती म्हणाली. "इतकं सुंदर तर आमच्या युनिटमध्ये कोणी नाही लिहत. आता ओरिजिनल द्या, मले संध्याकाळची गाडी पकडाची हाय."

"तेच हाय आता," धोंडबा म्हणाले. "कच्ची जाळली."

तिला आधी ती थट्टाच वाटली. मग रुक्माबाईंच्या चेहऱ्याकडं पाहून ती खाली बसली. "जाळली? कावून जाळली, बाबा?"

धोंडबा तिच्याजवळ सरकले. मग अगदी खालच्या आवाजात, रुक्माबाईंनाही ऐकू जाऊ नये असं, म्हणाले, "लाल शाई होती बाई त्याच्यात. पानोपानी. म्हटलं कोनाच्या नजरेस नको पडाले. मी निळ्यानं लिहून टाकलं सगळं. कोनाले समजत नाही आता."

"लाल मतलब रात, बाबा." ती ओरडली नाही. लहान मुलाला सांगावं तसं सांगत होती. "दिवसाचं निळं, रातचं लाल. सगळे पायलट तसंच लिहतात. तेच तर माही कमाई होती. त्याच्यासाठीच बोलावलं होतं मले."

आता पुढं जे झालं ते पुस्तकाचं दुःख नव्हतं. पुस्तकाचं दुःख सोसता येतं. तिनं वहीवर हात ठेवला, आणि तिच्या डोक्यात एकेक करून सगळं जुळलं. बापाचं ते गप्प राहणं. कोणी नोकरीचा विषय काढला की त्याचं घाईनं उठून जाणं. पाहुण्यांसमोर "तिले आरामाची गरज होती" असं सांगणं. तिनं मान वर केली.

"मी आल्यापासून तुमाले हेच वाटून राहिलं का, बाबा? की मी काही केलं, म्हनून मले काढलं?"

धोंडबांनी नाही म्हणायला हवं होतं. एवढा एक शब्द. पण ते जमिनीकडं पाहत राहिले, आणि त्या घरात गप्प राहण्याचा अर्थ लहानपणापासून तिला ठाऊक होता.

"मी सांगतलं होतं ना तुमाले," ती म्हणाली. "मी सांगतलं होतं, सर्व्हिस संपली. दुनिया नाही मानली तर चालते. तुमी बी नाही मानलं?"

संध्याकाळची गाडी तिनं पकडली नाही. जुन्या युनिटांना पत्रं गेली. एक युनिट दुसरीकडं हललेलं, एकाचे जुने कागद मुदत संपली म्हणून नष्ट झालेले. काही आलं, काही आलं नाही, आणि तोवर कंपनीनं दुसऱ्याला घेतलं. रात्रीचे तास सह्यांनिशी दाखवल्याशिवाय दुसरंही कोणी घेईना. आजच्या जमान्यात पानांचे फोटो कसे काढून ठेवले नाहीत, असं विचारणारे शहाणे बरेच भेटले. बापाच्या घरात ठेवलेल्या वस्तूचे फोटो कोण काढून ठेवतं, हे त्या शहाण्यांना कोण विचारणार. दीक्षा आता पावर हाउसला एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते, वायुदलात जायचं म्हणणाऱ्या पोरापोरींना. बाहेरच्या फलकावर तिचा युनिफॉर्ममधला फोटो आहे. घरी ती बापाला जेवण वाढते, औषध देते, डॉक्टरकडं नेते. काही कमी करत नाही. बोलत मात्र नाही, म्हणजे जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच.

यंदाच्या जयंतीला विहाराच्या मंडपात तिचा सत्कार झाला. पहिल्या रांगेत धोंडबा, शेजारी देवराव. शाल, पुष्पगुच्छ, सगळं झालं, आणि कोणीतरी माइक तिच्या हातात दिला. समोर पोरं जास्त होती म्हणून ती हिंदीत बोलली. कष्ट करा, शिका, घाबरू नका, असं नेहमीचं. 

"और एक बात," ती म्हणाली. "लोग बहुत कुछ कहते हैं। पर मेरे बाबा ने मुझ पर एक दिन के लिए भी शक नहीं किया।"

हे बोलताना तिनं बापाकडं पाहिलं नाही. पण मंडपातल्या सगळ्यांनी पाहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, देवरावांनी मित्राच्या पाठीवर थाप मारली, मागच्या बायकांनी डोळे पुसले. सगळे आपल्याकडं बघून टाळ्या वाजवतायत म्हटल्यावर धोंडबांनाही हात वर करावे लागले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि इतर थांबले तरी ते वाजवतच राहिले.